शेवंतीकाकूंचा तोफगोळा

खोक्यातला भुसा बाजूला सारला आणि आत तोफगोळा निघाला.

हातभर उंच, टोकाला निमुळता, झेंड्याच्या रंगांत रंगवलेला. सोबत चिठ्ठी होती. 'हे सीमेवर असताना हा यांच्यापासून दोन पावलांवर पडला आणि फुटला नाही. म्हणून मला नवरा मिळाला. इतकी वर्षं माझ्या गुलाबांच्या वाफ्यात उभा होता. आता मुलीकडे राहायला आलेय, इथे अंगण नाही. तुझ्या बाल्कनीत ठेव. – शेवंतीकाकू.'

खोकं उघडणारी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दुपारची जेवायला घरी आली होती. फोनवरच्या बागवाल्यांच्या गटात तिला सगळे निवडुंग म्हणत, कारण तिच्या हाताला दुसरं काही जगत नसे. यंदा गटानं भेटींची अदलाबदल ठरवली होती. अट एकच, भेट बागेत शोभणारी हवी आणि तिच्यात देश दिसला पाहिजे. चिठ्ठ्या टाकून नावं निघाली. तिनं स्वतः झेंड्याच्या रंगांची फुलझाडं पाठवली होती. त्यातला एक रंग वाटेतच सुकला. काकूंचं खोकं सकाळी त्यांच्या भाच्यानं दारात आणून ठेवलं होतं. दोन वर्षं त्या दोघी गटावर झाडांवरचा मावा आणि बुरशी यांवर रोज बोलत होत्या, पण काकूंना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

नवऱ्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"फुटला नाही म्हणजे?"

"म्हणजे फुटला नाही."

"अगं, म्हणजे अजून फुटायचाय!"

गोळा तिच्या मांडीवर होता. मघाशी तिनं तो टेबलाच्या कडेवर ठोकून भुसा झाडला होता.

"हलू नकोस," नवरा कुजबुजला, जसं काही गोळ्याला ऐकू जाणार होतं. श्वास रोखून तिनं तो दिवाणावर ठेवला आणि तान्ह्या बाळाला लावाव्यात तशा दोन्ही बाजूंना उशा लावल्या.

पोलीस आले. सगळी इमारत खाली उतरवली. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. "गोळा राहू दे तिकडे, माझ्या गोळ्या घेतल्या का?" त्या जिनाभर ओरडत होत्या. कुणी हसलं नाही. शेजारची नुकतीच बाळंत झालेली मुलगी बाळाला छातीशी धरून रस्त्यापलीकडे उभी होती आणि एकटक तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेपुढे तिला मान वर करवेना.

बॉम्बशोधक पथकातला एक जण जाडजूड पोशाख चढवून वर गेला. इमारतीतल्या कुणीतरी काढलेला फोटो तोवर बागवाल्यांच्या गटावरही पोचला होता. तिच्या हातातला फोन वाजला. शेवंतीकाकू. तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा. उचलून सांगणार तरी काय? काकू, तुमच्या सौभाग्यानं आमचं घर उडायची वेळ आणलीय म्हणून?

वीस मिनिटं वरच्या खिडकीत काही हललं नाही. मग तो माणूस जिन्यातून बाहेर आला, डोक्यावरचं झाकण काढलेलं, आणि गोळा दुधी भोपळ्यासारखा काखेत मारलेला.

"कुणाच्या घरचा हा?"

"माझ्या."

"ताई, हा सरावाचा गोळा. नुसतं ओतीव लोखंड. यात दारू कधी भरलीच नव्हती." त्यानं बुडाशी रंग खरवडलेला होता, तिथला शिक्का दाखवला. "हे बघा, प्रशिक्षण शाळेचं कोठार. असले गोळे सीमेवर जातच नाहीत. कोठारात कारकून असतात ना, त्यांच्यातल्या कुणीतरी घरी आणला असणार."

शेजारची मुलगी फुटपाथवर बसली आणि हमसून रडायला लागली. बाकीचे हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले.

"म्हणजे सीमा नाही, शत्रू नाही, काही नाही!" नवऱ्याला आता चेव चढला. "गृहस्थ कोठारात याद्या करत बसले होते आणि बायकोला थापा मारत होते. म्हणे फुटला नाही म्हणून नवरा मिळाला! टाक गटावर. कळू दे सगळ्यांना."

फोन चौथ्यांदा वाजला. या वेळी तिनं उचलला.

"कुणाला काही झालं नाही ना गं?" काकूंनी घाईनं विचारलं.

"नाही काकू. सगळे बरे आहेत."

"मग काय म्हणाले ते लोक?"

सांग, सांग, नवरा हातानं खुणावत होता. रागाचे शब्द अगदी तिच्या ओठांवर आले होते. तिनं गोळ्याकडे पाहिलं. खरवडलेल्या जागी रंगाखाली रंग होता, त्याखाली आणखी रंग. कितीतरी थर. दरवर्षी कुणीतरी निगुतीनं नवा हात दिला होता.

"खराच होता, काकू," ती म्हणाली. "त्यांनी निकामी केला. म्हणाले, त्या दिवशी फुटला असता तर कुणीच वाचलं नसतं."

पथकातला माणूस घाम पुसता पुसता थांबला. नवऱ्याचा आ वासलेला तसाच राहिला.

"घाबरू नका, त्यात काही नाही, एवढं सांगायलाच मघापासून फोन करतेय गं," काकू हळूच म्हणाल्या. "मला ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. फक्त यांना कधी कळू दिलं नाही."