तळ्यावरची साय

तळं वाचलं. सरकारी अहवालात तसं छापून आलंय. तो अहवाल आपण वाचलेला नाही असं धरून चालू, कारण त्या सकाळी तळंही वाचलेलं नव्हतं.

व्हर्ना टॉलहर्स्टने चिखलात रोवलेली काठी पाहिली. पाणी कालच्या खुणेपासून अर्धं बोट खाली गेलं होतं. पावसाचा पत्ता नाही, तिच्या अकराशे मेंढ्या आणि नऊ दिवसांचं पाणी.

सरकारच्या पाणी खात्याने सिडनीहून मेणचट पांढऱ्या भुकटीची गोणी प्रयोगासाठी पाठवली होती. पाण्यावर टाकली की साय धरते, पाण्याची वाफ होत नाही, मेंढ्यांनाही अपाय नाही. गोणी फुटलेली होती, आणि तळाशी जेमतेम दोन ओंजळी भुकटी.

"बाकीची कुठंय?"

लोकर कातरणाऱ्या टोळीचा स्वयंपाकी क्लॅरी पडॉक याने टोपी काढली.

"बाई, गोणीवरच्या रसायनाच्या नावात अल्कोहोल लिहिलं होतं."

"मग?"

"पोरांनी चहात उकळली."

"चढली?"

"कसली चढतेय! मेणबत्ती गिळल्यासारखं झालं. पण आणखी घेतली तर चढेल, असं तिघांचं मत पडलं."

"नऊ दिवसांनी मला बंदूक काढावी लागेल, क्लॅरी. अकराशे मेंढ्या आणि गोळ्या साठ. उरलेल्यांना त्या तिघांचं मत सांगू?"

क्लॅरीने टोपी पुन्हा घातली.

पत्र्याच्या होडीतून दोघांनी दोन ओंजळी चिमटीचिमटीने पसरल्या. तरंग मावळले. पाणी इस्त्री केल्यासारखं झालं. व्हर्ना काठीसमोर उकिडवी बसली. तासभर पाणी खुणेला धरून राहिलं. ती श्वाससुद्धा बेताने घेत होती.

अकराला पश्चिमेचा वारा सुटला. त्याने सगळी साय गोळा केली आणि पूर्वेच्या काठावर चिखलात नेऊन लावली.

"धर तिला! धर!" व्हर्ना ओरडली. क्लॅरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून टोपीने साय मागे लोटू लागला. व्हर्नाने घरातून पलंगपोस आणला आणि दोन्ही हातांनी ताणून ती वाऱ्याला आडवी उभी राहिली. तळं दोनशे फूट, बाई पाच फूट. सहाला वारा पडेपर्यंत उभी होती.

मग घामाने ओल्या हातांनीच तिने खात्याचा छापील कागद काढला आणि 'इतर आवश्यकता' या रकान्यात लिहिलं:

'सदर प्रयोग यशस्वी होण्याकरिता पश्चिमेचा वारा पाऊस पडेपर्यंत दररोज सकाळी अकरा ते सायंकाळी सहा बंद ठेवण्यात यावा, ही विनंती. रविवारी चालू ठेवण्यास हरकत नाही.'

मग 'रविवारी'पासून पुढचं तिने खोडलं.