शेवटचा आकडा सात

केप कोस्टच्या नाक्यावर मी मक्याची केंकी आणि तळलेली मासळी विकते. गणिताच्या फीफी मास्तरांनी चौथ्यांदा फोन नंबर मागितला, तेव्हा नाही म्हणवेना. दिला, फक्त शेवटच्या आठाच्या जागी सात सांगितला.

दुसऱ्या दिवशी मास्तर हजर. "अराबाबाई, घरी भागाकार करत बसलो. तुमचा नंबर मूळ संख्या निघाला. कशानेही भाग जात नाही."

"मासळी खा मास्तर, गार होतेय."

माझ्यासाठी एवढी डोकेफोड कुणी केली नव्हती. आणि माझ्या खऱ्या नंबराला तर दोनानेही भाग जातो. मास्तर गेल्यावर मी तो खोटा नंबर लावून पाहिला, आहे तरी कुणाचा म्हणून.


"अराबा बोलतेय," म्हणताच पलीकडची म्हातारी करवादली, "अगं, कालच तुझ्या त्या मास्तरांना तीनदा सांगितलं, अराबा इथे राहत नाही म्हणून."