बिनपाण्याचे पाय

“पाणी कुठाय?” होणाऱ्या विहीणबाईंनी खुर्चीत ऐसपैस बसत विचारलं. “आमच्याकडच्या पार्लरात आधी टबात पाय भिजवतात.”

“मी टब बंद केले. पाण्यात नखं फुगतात, मग लावलेला रंग लवकर निघतो,” मंदाकिनी म्हणाली.

“म्हणजे माझी बिनपाण्याची हजामत म्हणा!” विहीणबाई खळखळून हसल्या.

मंदाकिनीने त्यांच्या पावलांना गरम टॉवेल गुंडाळला. मागे तिची लेक तोंड फुगवून उभी होती. उद्या मांडवात मुलीच्या आईने विहिणीचे पाय परातीत धुवायचे, असा नवरदेवाच्या आजीचा हट्ट होता. “जन्मभर लोकांचे पाय हातात घेतलेस, माझ्या लग्नात तरी नको,” म्हणत लेक सकाळीच भांडली होती. पाय हातात घ्यायची मंदाकिनीला लाज नव्हती, ते तिचं काम. पण चारचौघांत परातीपुढे वाकायचं तिच्याही जिवावर आलं होतं.

टाचा लोण्यासारख्या झाल्या, नखं डाळिंबी झाली. विहीणबाईंनी पाय उचलून कौतुकाने पाहिले.

“मग उद्या यांना पाण्याचा थेंबही लागता कामा नये. परात-बिरात काही मांडू नका.”

धंद्यातलं खोटं मंदाकिनीला बोलवेना. “अहो, एकदा वाळल्यावर तांब्याभर पाण्याने काही रंग जात नाही.”

“ते तुम्हाला ठाऊक,” चपला पायात सरकवत विहीणबाई म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंना कुठे ठाऊक?”