दादाचा ठोका

आमच्या तांबट गल्लीत कोण ठोकतंय ते वाकून बघावं लागत नसे, नुसतं ऐकून कळायचं. माझ्या दादाचे दोन ठोके भांड्यावर पडायचे आणि मग एक हलकासा नुसत्या ऐरणीवर. गावाला खेटून टॉवर उभे राहिले, तेव्हा बिल्डरची माणसं जाहिरातीसाठी त्याचा ठोका रेकॉर्ड करून घेऊन गेली. दादाने त्या दिवशी नवा सदरा घातला होता. ‘जुन्या गावाच्या कुशीत घर’ म्हणत फ्लॅट हातोहात खपले.

राहायला आल्यावर मात्र लोकांची झोपमोड व्हायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या मॅडमनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि तक्रार करून आमच्या गल्लीतलं काम कायमचं बंद पाडलं. दादा दिवसभर खिडकीत बसून मांडीवर बोटं आपटायचा. “हात गप्प बसत नाहीत रे,” म्हणायचा. वर्षाच्या आत गेला.

पोट कुणाला चुकलंय? मी त्याच टॉवरच्या लॉबीत वॉचमन म्हणून लागलो. सोसायटीच्या मॅनेजर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच सकाळी तिथला स्पीकर लावला, तर दोन ठोके भांड्यावर आणि एक हलकासा ऐरणीवर. मी खुर्चीतून ताडकन उठलो. ऐकवेना, म्हणून आवाज पार बारीक केला.

तेवढ्यात त्याच मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आल्या.



“काका, मोठा करा ना जरा. हे ऐकलं की कसं शांत वाटतं!”