तीन आकड्यांचा रंग

“जरा उजळ कर गं तिला,” बनाबाई थोरल्या लेकीच्या कानाशी कुजबुजली. “तुझं ते रंगाचं शिकतीस न्हवं? मग कवा कामाला यायचं ते?”

“करते,” प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप धाकट्या बहिणीच्या, सोनमच्या पुढ्यात नीट लावला.

खरं तर सोनमला उजळ करायची काही गरज नव्हती. ती मुळातच गोरीपान. पाचगणीच्या एका शाळेत शिकवायला लागल्यापासून गालांवर लालीसुद्धा चढली होती. आज तिला व्हिडिओ कॉलवर बघणार होता जयराज. सैन्यात होता, सध्या जोधपूरला. हाच जयराज दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला त्यांच्या घरी येऊन प्रियदर्शनीला बघून गेला होता. पोहे खाल्ले, चहा प्याला, आणि थोड्या दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण रंग कमी पडतो. एवढ्यावर थांबली तर ती माणसं कसली! धाकटी आहे म्हणे, तिचं बघू या का? फोटो मात्र नकोत, फोटोत हल्ली सगळ्याच गोऱ्या असतात. कॉलवर दाखवा.

आणि वडिलांनी, दादासोंनी, हो म्हटलं. कुपवाडला लेथ मशीनवर आयुष्य काढलेला माणूस तो. एक नग नापास झाला की त्याच गिऱ्हाइकाला दुसरा दाखवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. थोरलीला काय वाटेल हे कुणी विचारलं नाही.

तिला आजवर बघायला आलेल्या प्रत्येकानं हेच एक कारण दिलं होतं. शिक्षण पसंत, स्वभाव पसंत, नाकीडोळी नीटस, फक्त रंग. सुरुवातीला ती उशीत तोंड खुपसून रडली. मग तिनं मनाची समजूत घातली, की आपल्यात खोट आहे ती एवढीच, बाकी नाव ठेवायला जागा नाही. या एका भरवशावर ती ताठ मानेनं वावरत होती. दिवसा कुपवाडच्या एका कंपनीची वेबसाइट सांभाळायची आणि संध्याकाळी ब्राउझरमध्ये शेडर लिहायला शिकायची. शेडर म्हणजे चित्रातल्या एकेका ठिपक्याला त्याचा रंग वाटून देणारा छोटासा प्रोग्राम. तिथं रंग म्हणजे नुसते तीन आकडे. लालचा एक, हिरव्याचा एक, निळ्याचा एक. जन्मभर जो रंग आडवा आला तो आपल्याला दोन बोटांनी बदलता येतो, हे कळलं त्या दिवशी ती एकटीच खदखदून हसली होती.

आज कॅमेऱ्यातलं चित्र आधी तिच्या शेडरमधून जाणार होतं आणि मग जोधपूरला. चेहऱ्याचे, हाताचे ठिपके तेवढे वेचायचे, उजेड-सावली तशीच राखायची आणि त्यांच्यात दुसरा रंग मिसळायचा. सोनमच्या जुन्या व्हिडिओवर तिनं कितीतरी संध्याकाळी खटपट केली होती. आधी दातसुद्धा सावळे व्हायचे, मागची भिंत काळवंडायची. आता कुणाला संशय येणार नाही इतकं ते बेमालूम झालं होतं. मिसळायचा रंग तिनं स्वतःच्या फोटोतून उचलला होता. स्क्रीनवरची सरकती पट्टी शून्यावर असली की सोनम ती सोनमच. एकावर नेली की तिच्या अंगावर थोरलीचा रंग.

सोनमला स्वतःचं चित्र दिसू नये म्हणून तिनं तो चौकोन बंद करून टाकला. “नाहीतर सारखी केस सावरत बसशील,” असं वर साळसूदपणे सांगितलं. स्वतः मात्र लॅपटॉपच्या आडोशाला बसून मोबाइलवर तोच कॉल लावला, कॅमेरा आणि आवाज बंद करून. तिला हे लग्न मोडायचं होतं. जे कारण आपल्याला सोसावं लागलं तेच या घरातल्या गोऱ्या लेकीलाही एकदा ऐकू दे, एवढीच तिची इच्छा.

जयराज आला. नमस्कार झाले. प्रियदर्शनीनं वायरलेस माउस मांडीवर धरून पट्टी एकावर नेली. मोबाइलमधली सोनम सावळी झाली. कपाळ, कान, हात, सगळं हुबेहूब थोरलीसारखं. घे, आता म्हण नाही, ती मनात म्हणाली. बहिणीचा तिला राग नव्हता. म्हणजे होता, पण थोडा.

जयराजनं पाचगणीच्या थंडीचं विचारलं, शाळेतल्या पोरांचं विचारलं. सोनम काहीतरी बोलून हसली, तोही हसला. मग पाणी पिऊन त्यानं सरळ सांगून टाकलं, “मला पसंत हाय. सावळी हाय, पर छान हाय.”

बनाबाई ताडकन उठली. “आवं, सावळी कुठली? दुधासारखी हाय ती! उजेड कमी पडला असंल,” असं म्हणत तिनं थोरलीकडं जळजळीत नजर टाकली.

“असू द्या की मावशी. सावळीच बरी वाटती मला. पहिल्यापासनंच.”

प्रियदर्शनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. लेकीसाठी आजवर चकार शब्द न काढलेल्या दादासोंना मात्र आता राहवलं नाही. ते लॅपटॉपपुढं वाकले.

“मग आमच्या थोरलीला रंगावरनं का नको म्हणालासा?”

जयराज ओशाळला. थोरली त्याच खोलीत बसली आहे, हे त्याला कुठून दिसणार?

“आता खरं सांगू का मामा? नकार द्यायचा झाला की सगळी रंगाचंच सांगत्यात. खरं कारण सांगितलं, तर पोरगी मनाला लावून घेती.”