चारशे स्विच आणि एक आई

हेरंबच्या ऑफिसातल्या पडद्यावर चारशे नेटवर्क स्विच होते आणि एक आई. दर पाच मिनिटांनी यंत्रणा प्रत्येकाला "चालू?" असं विचारी; आईच्या मनगटातली चिप नाडी कळवी आणि दिवा हिरवा राही.

आई पडली किंवा चतुर्थीच्या उपासानं तिची साखर उतरली, की चिप आपणहून इशारे पाठवी. उपासाच्या इशाऱ्यांना वैतागून त्यानं आईचे सगळेच इशारे बंद करून टाकले होते.

शेजारच्या कुमुदमावशींचा फोन आला. "आई न्हाणीघरात पडलीय रे! मांडीचं हाड मोडलंय. सकाळपासून तशीच पडून होती."

"कसं शक्य आहे, मावशी? दिवा तर हिरवा आहे."

"हिरवा ना? मग बस त्याच्यापुढे उदबत्ती लावून. तिला मी दवाखान्यात नेतेय. जवळचं माणूस म्हणून तिथे माझंच नाव लिहिते."