पलीकडच्या पेठेचा कोच

कपाळावरचा गुलाल न पुसताच सर्जेराव आपल्या पेठेत शिरला, तर ओळखीची दारं पटापट बंद झाली. गोव्यापासून शिलाँगपर्यंत फुटबॉल क्लबांचा कोच म्हणून फिरून तो कोल्हापूरला परतला होता. घरच्या पेठेतल्या तालमीच्या संघानं विचारलं नाही, म्हणून पलीकडच्या पेठेचा कोच झाला आणि आज फायनलमध्ये त्यानं स्वतःच्याच पेठेला हरवलं.

आई उंबऱ्यात वाट अडवून उभी होती.

"खेळ हाय गं, आई."

"खेळ तुझ्या गोव्यात. हितं पोरं रडाय लागल्यात. आत याचं न्हाई." तिनं बाहेर पायरीवर ताट ठेवलं. "जेव अन् जा."

सर्जेराव पायरीवर बसला. आजवर सगळ्या क्लबांनी त्याला हरल्यावर काढलं होतं; जिंकल्यावर काढणारी ही पहिलीच.

मटणातल्या नळ्या मात्र तिनं सगळ्या त्याच्याच ताटात वाढल्या होत्या.